टाक, थापटणं आणि जवारी

घटस्थापनेच्या आधीचे दिवस धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत घासण्याचे आणि धुण्याचे असतात. अंथरुणं-पांघरुणं दोरीवर येतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि शेवटी देव्हाऱ्यातले देव परातीत येतात. पितळी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटी आणि त्यांच्यासोबत चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवलेले टाक. एक तुळजाभवानीचा, एक खंडोबाचा, कुणाकडे जोतिबाचा, कुणाकडे घराण्यातल्या वीराचा. भिजवलेल्या चिंचेचा कोळ घेऊन अंगठ्यानं एकेक टाक घासला जातो. काळवंडलेली चांदी पांढरी होते. पण तीन-चार पिढ्यांच्या अंगठ्याखालून गेलेला टाक उजेडात धरला, की त्यावर देवीचा चेहरा सापडत नाही. सगळ्यांत आधी नाक जातं, कारण ते सर्वांत उंच असतं. मग डोळे, मग हातातली आयुधं. राहते ती एक गुळगुळीत बाह्यरेषा.

असा टाक घेऊन माणसं सोनाराकडे जातात. तिथला शब्द ऐकण्यासारखा आहे. टाक मोडत नाहीत, बदलतही नाहीत, टाक ‘उजळतात’. जुनी चांदी आटवून किंवा तिच्यात नवी मिसळून पुन्हा ठसा उमटवला जातो आणि देव त्याच जागी, त्याच नावानं परत बसतो.

पण सोनाराच्या दुकानापर्यंत जाणाऱ्या त्या वाटेवर एक प्रश्न उभा असतो. ज्या हातांनी देव जपला, त्याच हातांनी देवाचा चेहरा पुसला. ही सेवा म्हणायची की हानी? कमी घासलं असतं तर चेहरा टिकला असता. पण मग तो काळा पडून कोपऱ्यात राहिला असता.

हाच प्रश्न घरातल्या सतारीपाशीही उभा राहतो, आणि तिथे तो जास्त स्वच्छ दिसतो. सतारीला ना मंत्र आहे ना प्राणप्रतिष्ठा. तिला फक्त देखभाल लागते.

धाराशिव हा संबळ, तुणतुणं आणि झांजेचा मुलूख. सतार असलेली घरं इथे थोडीच. पण ज्या घरात ती आहे, तिथे या पठारावरचं हवामान तिची रोज परीक्षा घेतं. बालाघाटच्या या पट्ट्यात चैत्र-वैशाखाची हवा इतकी कोरडी, की लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल पडतात आणि रात्री सुरात लावलेली तार सकाळी उतरलेली सापडते. मग खुंटीला खडूची पूड लावायची. पावसाळ्यात उलटं. लाकूड फुगतं, खुंटी भोकात घट्ट रुतून बसते. तेव्हा कोरडा साबण हलकेच फिरवायचा. भोपळा म्हणजे वाळलेल्या फळाचं कवच. त्याच्यावर खिडकीतलं ऊन रोज पडत राहिलं तर तडा ठरलेला. म्हणून जाणती माणसं सतार भिंतीला टेकवत नाहीत. जुन्या कपड्याची चुंबळ करून तिच्यावर भोपळा टेकवतात. बायका डोक्यावर घागर ठेवताना करतात तीच चुंबळ. पोकळ गोलाला आधार कसा द्यायचा, हे या दुष्काळी भागाला कुणी शिकवायची गरज नाही.

पुसण्याचंही शास्त्र आहे, आणि त्यातलं निम्मं काय करू नये याचं. ओलं फडकं चालत नाही. सतारीवरचं पॉलिश लाखेचं, म्हणजे चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेलं. पाण्यानं त्यावर पांढुरके डाग उठतात, आणि इथल्या बोअरच्या जड पाण्यानं तर क्षाराची ठेव राहते. स्पिरिट लागलं तर लाखच विरघळते. हवं ते एवढंच : कोरडं, मऊ, अनेकदा धुतलेलं सुती कापड. वाजवून झालं की आधी तारा पुसायच्या, कारण बोटांचा घाम पोलादी तारेला गंज आणतो आणि पितळी तारेला काळी करतो. बोटं सहज सरकावीत म्हणून वादक डबीतल्या कापसावर खोबरेल तेल ठेवतात. तेच तेल पडद्यांवर राहून धूळ धरतं आणि महिन्याभरात काळा चिकट थर होतो. तो काढताना पडद्याखाली कागद सरकवायचा, म्हणजे मळ आणि पडदे घासायचं पॉलिश दांडीच्या लाकडावर उतरत नाही. पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, चिकटवलेले नसतात. जोर लावला तर पडदा सरकतो आणि त्याच्यासोबत स्वरही.

सगळ्यांत अवघड जागा तरफांखालची. वाजवायच्या सहा-सात तारांच्या खाली अकरा ते तेरा तरफांच्या तारा असतात. त्यांना बोट लागत नाही. वरच्या तारेचा सूर जुळला की त्या आपणहून बोलतात. त्यांच्याखाली तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, जी धूळ बसते तिथे हात पोचत नाही. जुन्या सुती लुगड्याची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, तारा टेकतात त्या घोडीच्या बाजूनं तारांखाली घालायची, दुसऱ्या टोकानं हळूच ओढायची. पट्टी सरकताना तरफा एकेक करून अस्पष्ट वाजतात. वाद्य साफ करताना ते असं आपणहून बोलतं, तेव्हा हातातलं काम आपसूक सावकाश होतं.

आता तुळजापूरकडे वळू, कारण देखभालीचं सर्वांत मोठं विद्यालय तिथे आहे.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, आणि तेही वर्षातून तीनदा. शारदीय नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत, घोर निद्रा. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजण्याचा मान परंपरेनं मुस्लिम पिंजारी कुटुंबाकडे आहे. पिंजाऱ्याची धनुकली पाहिली आहे का कुणी जवळून? लाकडी दांडा, ताणलेली तात आणि तिच्यावर ठोका. तात कंप पावते, कापूस फुलतो. देवीची झोपसुद्धा एका ताणलेल्या तारेच्या झंकारातून तयार होते.

आणि रोज रात्री प्रक्षाळ पूजा. दिवसभराच्या दर्शनानंतर, अभिषेकांनंतर, गर्दीच्या घामानंतर सगळं धुऊन-पुसून काढायचं. पंढरपुरातही आषाढीची वारी उलटली की विठ्ठलाची प्रक्षाळ पूजा होते. वारीच्या दिवसांत देव अहोरात्र उभा असतो, त्याचा पलंगही काढलेला असतो. मग त्याचा शिणवटा घालवायला गरम पाण्याचं स्नान, पायांना लिंबू-साखर चोळणं, रात्री काढा. देव थकतो, ही कल्पना जगातल्या पुष्कळ धर्मशास्त्रांना पटणार नाही. सर्वशक्तिमानाला शीण कसा? पण मराठी मनाला त्यात काही विसंगत वाटलेलं नाही. जो इतक्यांना भेटला त्याचं अंग दुखणारच.

मैफल संपल्यावर तारा पुसणाऱ्या वादकाची समजूत याहून वेगळी नसते. वाद्यानं काम केलंय, आता त्याला पुसून, बाजाची म्हणजे मुख्य तार जरा उतरवून ठेवायचं. ‘साधन’ हा शब्द त्या क्षणी अपुरा पडतो. साधनाला विश्रांती कुणी देत नाही.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. पूजा आणि देखभाल नेहमी एकमेकींच्या बाजूनं नसतात. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, वाद्यं पुजली जातात. शेतकरी कुळव पुजतो, सुतार करवत, गोंधळी संबळ. सतार असलेल्या घरात सतार पाटावर येते आणि कुणीतरी श्रद्धेनं ओल्या कुंकवाचं बोट थेट भोपळ्यावर टेकवतं. पारंपरिक कुंकू म्हणजे हळदीवर चुना किंवा टाकणखार आणि लिंबाचा रस यांची क्रिया होऊन झालेला लाल रंग. तो लाखेच्या पॉलिशमध्ये मुरतो आणि निघत नाही. फुलांचा ओलावा तबलीवर डाग धरतो. अक्षता तरफांखाली जातात आणि वर्षभर खुळखुळतात. पूजा झाली, वाद्य बिघडलं.

कोल्हापुरात आणि पंढरपुरात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे. विठ्ठलाच्या पायांवर शतकानुशतकं डोकी टेकली आणि दगड झिजला. झीज थांबवायला वज्रलेप करावा लागला, अलीकडे २०२० सालीही. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केलं. त्या वेळी वाद झाले. काहींना वाटलं, देवाच्या अंगावर रसायन लावणं हाच अपचार. काहींना वाटलं, दूध-दही-मधाचे अभिषेक चालू ठेवणं हा खरा अपचार. दोन्ही बाजूंची माणसं भक्तच होती.

पण ज्यांनी मूर्तीची झीज पाहिली आणि हात आवरला, त्यांची भक्ती उणी मानता येत नाही. न शिवण्यासाठीही प्रेम लागतं. घरच्या सतारीला हळद-कुंकू वाहायचं तर ते खोळीला किंवा पेटीला वाहावं, आणि वाद्याला फक्त कोरडं फडकं मिळावं. त्या दिवसाची तिची पूजा तीच. असं करणाऱ्या घरातलं नवरात्र कुठे कमी पडत नाही.

मग सोवळ्याचा प्रश्न येतो. सतार देवघरात ठेवावी का?

ती कशाची बनते ते पाहू. भोपळा कडू जातीचा, खाण्याच्या उपयोगाचा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात भीमेकाठी हे मोठाले भोपळे पिकतात. वाळवून, आतला गर आणि बिया खरवडून कारागिरांकडे जातात. दांडी तून किंवा सागवानाची. पॉलिश लाखेचं, आणि लाख म्हणजे एका किड्याचा स्राव. घोडीचा वरचा पृष्ठभाग, जिथे तार टेकते आणि सतारीचा सूर जन्म घेतो, तो हाडाचा. पूर्वी सांबरशिंग वापरत. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आला आणि उंटाचं हाड, मग कृत्रिम पदार्थ आले. म्हणजे ज्या सुरावर भजनं गायली जातात त्याच्या मुळाशी मेलेलं फळ, किड्याचा स्राव आणि मेलेल्या जनावराचं हाड आहे. सोवळ्यानं यातलं काहीच चालत नाही.

गोंधळ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. संबळाला कातडं असतं. तुणतुण्याच्या पोकळ नळकांड्याचा तळही कातड्यानं मढवलेला, त्यातून एकच तार वर खुंटीला जाते. लग्न झालं की या भागात गोंधळ घातला जातो. चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि कातडं देवीसमोर वाजतं. त्याला कुणी बाहेर ठेवत नाही, उलट त्याच्यावाचून देवी येत नाही अशी समजूत. ऐतरेय आरण्यकात माणसाच्या देहालाच दैवी वीणा म्हटलं आहे. तिथेही वीणेला कातडं होतंच. देह अशुद्ध म्हणून आत्म्याची वस्ती नाकारता येत नसेल, तर हाड अशुद्ध म्हणून सूर नाकारता येणार नाही.

पण मग सूर राहतो कुठे? या प्रश्नावर संयुत्तनिकायातल्या वीणासुत्तात एक राजा आहे. त्यानं आयुष्यात कधी वीणा ऐकलेली नव्हती. आवाज ऐकून तो मोहून गेला आणि म्हणाला, तो आवाज मला आणून द्या. लोकांनी वीणा आणली. त्याला वीणा नको होती, आवाज हवा होता. त्याला सांगितलं की आवाज अनेक भागांच्या मेळातून आणि वाजवणाऱ्याच्या प्रयत्नातून येतो. राजानं वीणेचे तुकडे केले, तुकड्यांच्या चिरफळ्या केल्या, त्या जाळल्या, राख वाऱ्यावर उधळली. आणि वीणा ही फारच फसवी वस्तू आहे असं ठरवून मोकळा झाला. बुद्धाला या कथेतून ‘मी’ शोधणाऱ्याबद्दल बोलायचं होतं : देहात, वेदनेत, विचारांत कितीही शोधलं तरी ‘मी’ असा सुटा सापडत नाही.

राजाच्या कथेशेजारी तेरची कथा ठेवून पाहावी.

तेर धाराशिवपासून फार लांब नाही, तेरणेच्या काठी. दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर म्हणून ओळखलं जाणारं व्यापारी नगर होतं. पेरिप्लस या ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचं नाव येतं. आणि हेच संत गोरा कुंभारांचं, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी एकत्र बसलेली असताना मुक्ताबाईनं विचारलं, ही मडकी भाजलेली आहेत की कच्ची, हे कुंभारच सांगेल ना? गोरोबांनी मडकी थापटायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. सगळ्यांनी मुकाट सोसलं. नामदेवांना राग आला, ते कळवळले; आणि गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे. नामदेव तिथून उठून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी अपवित्र म्हणून हटकलं, तर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. कथा पुढे सर्वांना ठाऊक आहे.

तेरच्या कथेतलं थापटणं आणि सतारीचा कारागीर यांचं नातं लांबचं नाही. भोपळा विकत घेताना कारागीर त्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करतो. नाद ऐकून त्याला कळतं की भिंत सारख्या जाडीची आहे का, आत कुठे किडलं आहे का, कुठे तडा लपला आहे का. कुंभारही तसंच ऐकतो. भाजलेल्या मडक्याचा आवाज खणखणीत, कच्च्याचा बद्द. वीणासुत्तातल्या राजानं आवाज शोधायला वस्तू फोडली. कुंभारानं आणि कारागिरानं वस्तू अखंड ठेवून तिच्यावर टिचकी मारली आणि कान दिला. पोकळीला जाणण्याची ही दोन टोकं आहेत, आणि दुसऱ्या टोकाला आपल्याकडे फारसं कुणी तत्त्वज्ञान म्हणत नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तेरमध्येच तिसरी रीतही आहे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं संग्रहालय तिथे आहे. त्यांच्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या पॉम्पेईच्या अवशेषांत जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली तिच्याशी हिचं साम्य. काचेमागे तिला कुणाचा हात लागत नाही, म्हणून ती झिजत नाही. तिला हळदही लागत नाही. संग्रहालयाचं काम मोलाचं; लामतुऱ्यांनी ते केलं नसतं तर तगरचा पुरावा घरोघरी खेळण्यांत नाहीसा झाला असता. पण सतारीला काच मानवत नाही. न वाजवलेली सतार पेटीत बसल्या बसल्या बिघडते. तारा गंजतात, तरफांखाली कोळी जाळं करतो, तबलीचं लाकूड मुकं होतं. वादक सांगतात की वर्षभर बंद राहिलेलं वाद्य पुन्हा खुलायला कितीतरी दिवसांचा रियाज खातं. वाजवलं तर झिजते, न वाजवलं तर कुजते. तिसरा पर्याय तिला दिलेलाच नाही.

गोरोबांची दुसरी कथा सांगितल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही, जरी ती सांगणं जड जातं. गोरोबा चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठल, डोळे मिटलेले, देहभान गेलेलं. रांगतं मूल चिखलात आलं आणि त्यांच्याच पायाखाली गेलं. त्यांना कळलंही नाही. कीर्तनांत ही कथा त्यांच्या तल्लीनतेचा कळस म्हणून सांगितली जाते आणि शेवटी मूल परत मिळतं. पण कथा रचणाऱ्या लोकमानसानं आईचा आक्रोश त्यातून वगळला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पुढे त्याच कथेत गोरोबा आपले हात तोडून घेतात, आणि पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला खांदे उचलताना हात परत येतात. लोकांनी या संताकडून भान हिरावलं, मग हात हिरावले, आणि मग दोन्ही परत दिले. तल्लीनतेची किंमत काय, हा प्रश्न महाराष्ट्रानं त्या चिखलात सातशे वर्षं उघडा ठेवला आहे. गोरोबांची समाधी १३१७ सालची. चैत्रात तेरला अजून यात्रा भरते.

वाजवणारा वाजवताना हरवतो, हरवावंच. पण पुसताना हरवून चालत नाही. पडद्याखालचा कागद, तारेवरचा गंजाचा ठिपका, पायाजवळ आलेलं मूल : हे दिसण्यासाठी डोळे उघडे लागतात. भक्तीची तल्लीन बाजू आपल्याकडे भरपूर गायली गेली. तिची भानावरची बाजू मात्र परातीतल्या टाकांजवळ, पिंजाऱ्याच्या कापसाजवळ, रात्रीच्या प्रक्षाळाजवळ मुकाट राहिली. देखभाल ही पूजेच्या आधीची किंवा नंतरची गोष्ट नव्हे. देव देव राहतो तो हे हात चालू राहतात म्हणून. या लेखाला एवढंच म्हणायचं आहे, आणि त्याचा सगळ्यांत ठोस पुरावा जवारीत सापडतो.

धाराशिवच्या रानात जवारी म्हटलं की आधी शाळू आठवतो. सतारीची जवारी वेगळी. घोडीच्या हाडाचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अत्यंत हलका उतार दिलेला असतो. तार त्यावर नुसती टेकत नाही; कंपताना त्या उतारावर चाटत जाते, टेकण्याची जागा सतत पुढे-मागे होते आणि एका स्वरातून अनेक स्वरांशांचा झगमगाट उठतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर निबंध लिहिला. पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या नियमानुसार जे स्वरांश उमटायला नकोत तेही इथे उमटतात, हे त्यांनी दाखवलं. तंबोऱ्यात यासाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. त्याला जीवा म्हणतात. नाव कुणी ठेवलं ठाऊक नसलं तरी ज्यानं ठेवलं त्याला कळलेलं होतं.

आता सतार खिडकीशी धरून घोडीकडे डोळ्याच्या पातळीवरून पाहावं. बाजाच्या तारेखाली हाडावर केसाएवढी काळी रेघ दिसते. रोजच्या वाजवण्यानं तारेनं हाडात पाडलेली ती खाच. पोलाद हाडावर चाटत राहिलं, सूर देत राहिलं आणि ज्या पृष्ठभागानं सूर दिला तोच खात गेलं. खाच खोल झाली की सूर खरखरतो, मग दबतो. हे पुसून जात नाही. कोणत्याही फडक्याचं ते काम नाही.

इलाज काय? आणखी झीज. कारागीर आधी घोडी कुठे होती तिथे पेन्सिलीची खूण करतो, कारण ती चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. मग तारा सैल करून ती काढतो आणि कानस घेऊन संपूर्ण माथा घासतो, खाचेच्या तळापर्यंत. जिथे झीज झालीच नव्हती ती जागाही त्याला झिजवावी लागते, म्हणजे नवा उतार सलग येतो. मग घोडी लावायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं. पुन्हा उतरवायची, दोन हात मारायचे, पुन्हा चढवायची. खुली जवारी हवी की बंद, किती झंकार आणि किती शांतपणा, याला माप नाही. दर वेळी हाड थोडं बुटकं होतं. एक दिवस हाडच संपतं आणि नवं बसवावं लागतं. तारा तर त्याआधी कितीदा बदललेल्या असतात, पडद्यांचे दोरे बदललेले असतात, खुंट्याही. तरी घरातलं कुणी म्हणत नाही की ही दुसरी सतार आहे. टाकासारखीच ती उजळलेली असते.

ही कला मिरजेत ज्यांच्या हातात आहे ती घराणी मूळची शिकलगार. तलवारी, जंबिये घासून त्यांना पाणी देणं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढायांचे दिवस सरले, तलवारीला काम राहिलं नाही, आणि फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला, मग बनवायला घेतली. पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावी राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब तंबोऱ्याची जवारी स्वतः लावत. गळ्याइतकाच त्यांचा कानशीवरचा हात वाखाणला जाई.

शिकलगाराचा मूळ धंदा म्हणजे ठरवून केलेली झीज. पात्याचं पोलाद जरासं द्यायचं आणि धार घ्यायची. किती द्यायचं हे हाताला कळलं पाहिजे. जास्त घासलं तर पातं पातळ होऊन तुटतं. तेच हात हाडावर आले. तुळजापुरात नवरात्रातल्या एका अलंकार पूजेत देवी शिवरायांना तलवार देताना दाखवतात. ती तलवार देवीच्या हातून आली असं मानलं, तरी तिची धार कुणातरी शिकलगारानंच राखली असणार.

जवारी लावताना कारागिराच्या मांडीवर जुना कागद पसरलेला असतो. त्यावर हाडाची पांढरी पूड पडत राहते, पिठासारखी. मधूनच तो फुंकर मारतो, अंगठा माथ्यावरून फिरवतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढा उंचवटा अंगठ्याला लागतो. तिथे आणखी एक हात. मग तो कानस बाजूला ठेवतो, तार चढवतो, एकदा छेडतो आणि ती विझेपर्यंत मान हलवत नाही.

धाराशिवच्या एखाद्या घरात तोवर परातीतलं चिंचेचं पाणी काळं झालेलं असतं. धुतलेले टाक पंचावर मांडलेले. ते देव्हाऱ्यात परत लावायचे तर कुठला कुणाचा, हे पाहून ओळखता येत नाही. घरातली म्हातारी एकेक उचलते, अंगठा फिरवते. इथे घोड्याचा उंचवटा अजून लागतो, म्हणजे खंडोबा. इथे खाली महिषाच्या पाठीची नुसती गोलाई उरली आहे, म्हणजे भवानी. ती डोळे मिटूनच सांगते, आणि नातवंडं त्या क्रमानं एकेक टाक पाटावर ठेवत जातात.